प्रेक्षकांचे न्यायासन

चित्रपटाविषयी मत देण्यासाठी कोणालाही अधिकारपत्र लागत नाही. शाळेतील शिक्षकांची खोली, कचेरीतील मधली सुट्टी, महाविद्यालयाचे उपाहारगृह आणि उपनगरी गाडीतील रोजचा गट, या सर्व ठिकाणी चित्रपटांवर निकाल लागत असतात आणि ते देणाऱ्याला आपल्या पात्रतेविषयी तिळमात्र शंका नसते. काव्य, संगीत वा चित्रकला यांविषयी बोलताना सामान्य मनुष्य थोडा बिचकतो; चित्रपटाविषयी बोलताना तो बिचकत नाही. या सैल गप्पांकडे विद्वान मंडळी बहुधा दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात एखादा चित्रपट जगतो की मरतो, याचा अखेरचा निर्णय अनेकदा याच गप्पांत लागतो. म्हणूनच त्या कशा चालतात आणि त्यांना कोणता आधार उरला आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

या गप्पांचा सर्वांत जुना विषय म्हणजे जुन्या-नव्याचा वाद. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते पूर्वीचे चित्रपट सोज्वळ, अर्थपूर्ण आणि कलात्मक होते. आजचे उथळ आणि भडक आहेत. तरुणांच्या मते जुने चित्रपट संथ, रडके आणि नाटकी होते. खरे जीवन आता कोठे पडद्यावर येऊ लागले आहे. दोन्ही पक्ष तावातावाने बोलतात आणि दोघांचीही साक्ष अपुरी असते. जुन्याचा अभिमानी आपल्या स्मरणात टिकून राहिलेल्या दहा-वीस उत्तम चित्रपटांची तुलना चालू वर्षाच्या सगळ्या कचऱ्याशी करतो. काळाच्या चाळणीतून भुसा केव्हाच उडून गेला आहे, हे तो विसरतो. नव्याचा पुरस्कर्ता तर बहुतेक वेळा जुना चित्रपट न पाहताच त्याविषयी बोलतो. एकाची स्मृती पक्षपाती, तर दुसऱ्याचे ज्ञान ऐकीव. मग निवाडा न्याय्य कसा व्हावा?

पुरावा काय सांगतो?

जुने चित्रपट म्हणजे केवळ सोज्वळपणा, ही समजूत १९३८ सालचा ‘ब्रह्मचारी’ एका फटक्यात मोडून काढतो. आचार्य अत्र्यांनी लिहिलेल्या आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या, तेव्हा उडालेली खळबळ आजच्या कोणत्याही खळबळीपेक्षा कमी नव्हती. तसेच, जुने चित्रपट भडक आणि गोंगाटी असतात, असे म्हणणाऱ्याने १९३७ चा ‘कुंकू’ पाहावा. व्ही. शांताराम यांनी या चित्रपटात भावना फुगविणाऱ्या पार्श्वसंगीताचा आधार जवळजवळ टाळला आणि प्रसंगात खरोखर उमटणारे आवाज वापरले. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेली ही कथा म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारणाऱ्या तरुण स्त्रीची. शांता आपटे यांनी उभी केलेली ही नीरा आजच्या विद्यार्थिनीला परकी वाटण्याचे काही कारण नाही.

उलट बाजूही तितकीच पाहिली पाहिजे. नव्या चित्रपटांना समाजाचे भान नाही, हा आरोप ‘फँड्री’ आणि ‘कोर्ट’ यांच्यापुढे टिकत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’च्या अखेरीस भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो, त्यातला जाब चुकविण्याची सोय प्रेक्षकाला ठेवलेली नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण त्याचे खरे सामर्थ्य पुरस्कारांत नाही, न्यायालयातल्या कंटाळवाण्या कामकाजातून व्यवस्थेचा निर्विकार चेहरा दाखविण्यात आहे. याच व्हेनिसमध्ये १९३७ साली दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा गौरव झाला होता. या दोन चित्रपटांत वरवर काहीच साम्य नाही. तरीही दोघांतही नाट्याचा आव न आणता साध्या माणसांकडे स्थिरपणे पाहण्याची रीत आहे. जुन्या-नव्याची भिंत कृत्रिम असल्याचे दाखविण्यास एवढे एक उदाहरण पुरे आहे.

पहिला निकाल आणि अपील

प्रेक्षकांच्या गप्पांचे महत्त्व आणखी एका कारणाने मानले पाहिजे. चित्रपटावर पहिल्या आठवड्यात दिलेला निकाल पुष्कळदा चुकीचा ठरतो. गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये सपशेल कोसळला; राज कपूर यांच्या ‘मेरा नाम जोकर’चे १९७० मध्ये तेच झाले. पुढे दोन्ही चित्रपटांना मानाचे स्थान मिळाले. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चे वृत्तपत्रांतून झालेले पहिले स्वागत थंडच होते, तोच चित्रपट पुढे मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. हा फरक जाहिरातीने पडला नाही. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला नेले, संवाद लोकांच्या तोंडी बसले आणि पहिला निकाल फिरला. कनिष्ठ न्यायालयाच्या निर्णयावर वरिष्ठ न्यायालयात दाद मागावी, तशी ही दाद प्रेक्षकांच्या बोलण्यातून मागितली गेली.

पण या दादेला वेळ लागतो. एके काळी तो वेळ चित्रपटाला मिळत असे. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे. अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ तर पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात दोन वर्षांहून अधिक काळ चालला. त्या काळातही आकडे मोजले जात होतेच; जुन्या पिढीला आकड्यांचा सोस नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. फरक इतकाच की तो आकडा आठवड्यांचा होता, म्हणजेच लोक पुनःपुन्हा येत राहिले याचा होता. आज मोजला जातो तो पहिल्या तीन दिवसांचा गल्ला. तीन दिवसांत जमा होणारी रक्कम चित्रपटापेक्षा त्याच्या जाहिरातीची आणि पडद्यांच्या संख्येची परीक्षा असते. शुक्रवारी लागलेला मराठी चित्रपट पुढच्या गुरुवारी सोयीच्या वेळेला कोठेच सापडू नये, असे वारंवार घडते. लोकांचे बोलणे ऐकून कोणी चित्रपटगृहात जाईपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. न्यायासन भरते, पण आरोपी फासावर गेल्यानंतर!

त्यातही शोचनीय बाब अशी की प्रेक्षकांनी स्वतःही हीच भाषा उचलली आहे. ‘सैराट’ने २०१६ मध्ये मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचा उच्चांक मोडला, हे सर्वांना तोंडपाठ आहे, पण त्याच्या अखेरच्या प्रसंगात दिग्दर्शकाने आवाज का काढून घेतला, यावर किती जण बोलतात? कोटींचे आकडे निर्मात्याच्या हिशेबवहीत शोभतात. तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून देणाऱ्या शिक्षकाने वा कारकुनाने त्या वहीची उजळणी करण्याचे प्रयोजन नाही. चित्रपट आवडला की नाही, हे सांगणे सोपे असते. का आवडला, हे सांगताना मनुष्याला स्वतःच्या अनुभवाची झडती घ्यावी लागते. गप्पांचे मोल त्या झडतीत असते.

सुदैवाने ही दाद मागण्याची वाट पूर्ण बंद झालेली नाही, हे अलीकडच्या काही घटनांनी सिद्ध केले. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला होता. पुढील सहा वर्षे तो एकाकडून दुसऱ्याकडे शिफारशीने पोहोचत राहिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्याने आपल्या पहिल्या प्रदर्शनापेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ चा. त्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशी मुले त्यातले संवाद ओळीने म्हणतात. ते त्यांना कोणत्याही अभ्यासक्रमाने शिकविलेले नाहीत. आईबापांनी पाहिला, दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा लागला, घराघरांत त्यावर हसणे झाले आणि चित्रपट पुढच्या पिढीच्या हाती गेला.

न दिसणारा चित्रपट

परंतु येथेच या प्रश्नाची खरी मेख आहे. जो चित्रपट पाहायला मिळतो, त्याच्याविषयीच बोलता येते. ‘बनवाबनवी’ आजही दिसतो म्हणून तो जिवंत आहे. बोलपटांच्या युगाचा आरंभ करणारा १९३१ चा ‘आलम आरा’ आज कोणालाही पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात दाखविलेल्या दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे उरले, आणि तीही मूळ चित्रपटाची की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या देशात मूकपटांच्या काळात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांतील अगदी मोजके आज अस्तित्वात आहेत. जुन्या फिती नायट्रेटच्या असत. हा पदार्थ ज्वालाग्राही तर खराच, शिवाय नीट न जपल्यास तो आपोआप कुजतो. कित्येक फिती त्यातील चांदीसाठी विकल्या गेल्या.

पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून तेथे हजारो चित्रपट गोळा केले. फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले अंश आज दिसतात, ते अशा धडपडीमुळेच. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी प्रभातच्या जुन्या आवारात, म्हणजे आजच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, नायट्रेट फितींच्या साठ्याला आग लागली आणि काही तासांत पुन्हा न मिळणारा ठेवा नष्ट झाला. ग्रंथालय जळाले असते तर समाजाने जो शोक केला असता, तेवढा शोक तेव्हा झाला नाही. चित्रपट ही करमणूक आणि करमणूक म्हणजे क्षणाची, ही आपली पक्की समजूत त्याच्या मुळाशी आहे. मात्र त्याच चित्रपटांविषयी आपण आयुष्यभर बोलत असतो! बोलण्याइतका महत्त्वाचा, पण जपण्याइतका नाही, अशी ही विसंगती आहे.

यावर असे म्हटले जाईल की आता घरबसल्या शेकडो चित्रपट भ्रमणध्वनीवरही दिसतात. मग ही चिंता कशाला? सोय वाढली, हे मान्यच केले पाहिजे. लहान गावातील विद्यार्थ्याला आज इराणी वा जपानी चित्रपट सहज पाहता येतो. ही गोष्ट त्याच्या वडिलांच्या स्वप्नातही नव्हती. परंतु या सोयीचे दोन दोष आहेत. पहिला असा की कोणता चित्रपट ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे व्यापारी कंपनी ठरविते. आज असलेला चित्रपट उद्या तेथे असेलच, अशी हमी कोणी देत नाही. दुसरा असा की प्रत्येक जण वेगळ्या वेळी वेगळे पाहतो. त्यामुळे चार माणसे एकत्र आली तरी चौघांनी पाहिलेला असा एक चित्रपट सापडणे अवघड होते आणि संभाषण ‘तू हा पाहिलास का?’ या प्रश्नापाशीच संपते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी एकत्र पाहण्याची आणि पाहिल्यावर बोलण्याची सवय महाराष्ट्रात रुजविली. ती आता शाळा, महाविद्यालये आणि सार्वजनिक वाचनालये यांनी उचलली पाहिजे. भारतीय कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. त्यातील कथा व गीते यांचे हक्क स्वतंत्र असू शकतात, त्यांची शहानिशा करावी लागेल. पण ‘कुंकू’, ‘माणूस’ किंवा ‘शेजारी’ या चित्रपटांपुरती ती मुदत केव्हाच संपली आहे. धरणाच्या प्रश्नावरून दुरावणाऱ्या हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांची १९४१ ची कथा महिन्यातील एका शनिवारी विद्यार्थ्यांना दाखवावी, नंतर अर्धा तास त्यांना बोलू द्यावे आणि शिक्षकांनी त्या अर्ध्या तासात शक्यतो ऐकावे. त्यातून मुलांना जे मिळेल ते नागरिकशास्त्राच्या धड्यात मिळणार नाही. शासनाने एवढेच करावे की अनुदान घेणाऱ्या प्रत्येक मराठी चित्रपटाची उत्तम प्रत संग्रहालयात जमा होते की नाही, हे कसोशीने पाहावे, आणि जतन झालेले चित्रपट अल्प शुल्कात गावोगावच्या संस्थांना उपलब्ध करून द्यावेत. तळघरात सुरक्षित राहिलेला, पण कोणालाच न दिसणारा चित्रपट हा अर्धाच वाचलेला चित्रपट होय.

जुने चांगले की नवे, हा वाद मिटणार नाही आणि तो मिटावा अशी अपेक्षाही नाही. तो पुराव्यानिशी व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. वडिलांनी मुलाचा ‘कोर्ट’ पाहावा, मुलाने वडिलांचा ‘कुंकू’ पाहावा आणि मग दोघांनी खुशाल भांडावे. त्या भांडणात कोण जिंकतो याला महत्त्व नाही. ते चालू राहील तोवर दोन्ही चित्रपट जिवंत राहतील.