कबुलीजबाबावर संपणारी रहस्यकथा

रहस्यकथेत न्यायवैद्यकाचा काटेकोरपणा हवा, असं म्हटलं की आक्षेप ठरलेला असतो: प्रयोगशाळा आत शिरली की कथेचा अहवाल होतो. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर कथा वाचकांनी अधाशासारख्या वाचल्या, तेव्हा डीएनए कुणी मागितला होता?

मागणार कसा? डीएनएवरून माणूस ओळखण्याचं तंत्रच १९८४ मध्ये इंग्लंडात गवसलं. अर्नाळकरांचा बहर त्याच्या कितीतरी आधीचा. पाठ्यपुस्तकाची पानं संवादांत कोंबली की कथा मरते, हे मात्र मला मान्य आहे. पण तो दोष विज्ञानाचा नाही, लिहिणाऱ्याच्या हाताचा आहे. अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात औषधालयात काम करत होती. १९२० साली आलेल्या तिच्या पहिल्या कादंबरीतला खून एका रासायनिक गुणधर्मावर उभा आहे: ब्रोमाइड मिसळलं की औषधातलं स्ट्रिकनीन तळाशी बसतं आणि शेवटचा डोस प्राणघातक ठरतो. एवढं रसायन काढून घ्या, रहस्यच उरत नाही.

‘वाचकाला काय कळतंय?’ हा दुसरा आक्षेप तर वाचकाचा अपमान करणारा आहे. परदेशी कादंबरीतला डॉक्टर प्रेत किती थंड पडलं यावरून मृत्यूची वेळ सांगतो. तोच प्रसंग आपण मे महिन्यातल्या नागपुरात आणून बसवतो. बाहेर पारा ४५ अंशांवर असताना ३७ अंशांचं शरीर थंड पडेल कसं, हा प्रश्न त्याच वाचकाला पडतो. उन्हाळ्यात प्रेताचा ताठरपणाही लवकर येतो आणि लवकर ओसरतो. म्हणजे मृत्यूची वेळच धूसर होते आणि ‘तेव्हा मी तिथे नव्हतोच’ म्हणणाऱ्याला फट मिळते. ही फट म्हणजे अस्सल इथलं कथाबीज आहे, आणि उसन्या तपशिलामुळे आपण ते हातचं घालवतो.

आपल्या तपासातही नाट्य काही कमी नाही. राखून ठेवलेला व्हिसेरा म्हणजे मृताच्या अवयवांचे नमुने, बाटलीवरचं लाखेचं सील, पंचांच्या सह्या, मुंबईतल्या कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून येणाऱ्या अहवालाची वाट पाहणं. सील तुटलेलं निघालं किंवा पंच उलटला, तर हाती आलेला खुनीही सुटू शकतो.

तरीही आपल्या कितीतरी कथा शेवटच्या पानावर खुन्याला गुन्हा कबूल करायला लावतात आणि मिटतात. वास्तविक पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, आणि तसा नियम असण्याला कारण आहे. १९८६ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टरशायरमध्ये १७ वर्षांच्या एका मुलाने खुनाची कबुली दिली होती. डीएनए चाचणीने आधी त्याला निर्दोष ठरवलं. खरा खुनी त्यानंतर सापडला. माणूस न केलेला गुन्हाही कबूल करतो, हे त्या चाचणीने दाखवून दिलं.

म्हणून माझा आग्रह तपशिलाच्या हौसेपोटी नाही. पुराव्याशिवाय कुणाला खुनी म्हणू नये, एवढा न्याय कागदावरच्या आरोपीलाही मिळायला हवा. तो देणाऱ्या कथेचा शेवट वाचकाला मनापासून पटेल.