गुरुवारी होईल का?

"मॅडम, गुरुवारी होईल का?"

मंगळवारची ओपीडी. विचारणारा बायकोच्या खुर्चीमागे उभा. अंगात कंपनीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र तसंच, डोळे तांबारलेले. तिसरी शिफ्ट संपवून परस्पर आलेला. दुसऱ्या गावात हा प्रश्न ऐकून वाटलं असतं, दत्ताचा वार धरून बसलाय. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात तसं कुणाला वाटत नाही. इथल्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाळ गुरुवारी झालं तर खाडा पडत नाही, एवढा साधा हिशोब.

तो रक्ताचा रिपोर्ट आणायला गेला तशी ती हळूच म्हणाली, "मॅडम, परवा रात्री एरंडेल घेतलं. दुधातून, दोन पळ्या. त्यांना नका सांगू. सिस्टरलापण नका सांगू, ओरडतील."

खराबवाडीतली चाळ. दहा खोल्यांना मिळून दोन संडास, जिना उतरून अंगणापलीकडे. ३९ आठवडे ५ दिवसांची ही मुलगी रात्रभर मोबाइलच्या उजेडात तो जिना चढत-उतरत राहिली. सकाळी तोंडाला कोरड, पायांत गोळे, आणि कळ एकही नाही. वर आमच्याकडे येऊन तिने ती रात्र लपवली असती, तर नाडी जलद का आणि लघवीत किटोन का, याची कारणं आम्ही भलतीकडेच शोधत बसलो असतो.

या महिन्याचं संपादकीय तिच्या त्या "ओरडतील"वर आहे.

कळा लवकर याव्यात म्हणून घरी काहीतरी करून पाहणं आपल्याला नवं नाही, आणि त्यावर वैद्यांनी वाद घालणंही नवं नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, हा वाद नोंदलेला आहे. काही आचार्यांचं मत असं, की कळा येऊनही बाई मोकळी होत नसेल तर तिला उठवून हातात मुसळ द्यावं, धान्याने भरलेल्या उखळात कांडायला लावावं, मध्ये मध्ये जांभया द्यायला आणि फिरायला सांगावं. भगवान आत्रेय हे मान्य करत नाहीत. गर्भिणीला जड श्रम एरवीही वर्ज्य, मग ऐन प्रसूतीच्या वेळी मुसळ कशाला, अशी त्यांची हरकत. मुसळ काढून टाका, जांभई आणि चालणं राहू द्या, असा त्यांचा निवाडा. सरसकट टाकलं नाही, सरसकट घेतलं नाही. घातक भाग ओळखून तेवढा बाजूला काढला. आज आपण ओपीडीत बसून नेमकं हेच करायला हवं.

करतो काय? "असलं काही करायचं नाही" एवढं म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारतो.

उपायांची प्रतवारी मात्र आपल्याला तोंडपाठ हवी, कारण सगळे उपाय एका तागडीत बसत नाहीत. सर्वांत धोकादायक उपायाचं नावच मराठीने त्याच्या कामावरून ठेवलंय: कळलावी. पावसाळ्यात राजगुरुनगरच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या वाटेवर झुडपांवर चढलेली तांबडी-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं दिसतात, तीच. तिचा कंद उगाळून बेंबीवर, तळहातांना, तळपायांना लेप लावायचा, कळा सुरू होतात, अशी जुनी समजूत. या कंदात कोल्चिसीन असतं. तो पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब, मग मूत्रपिंड, यकृत, अस्थिमज्जा एकेक करून बंद पडू लागतात, आणि हमखास उतारा आपल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत नाही. रताळ्यासारखा दिसतो म्हणून चुकून खाल्ल्यानेही माणसं दगावली आहेत. लेपाची गोष्ट निघाली तरी कंद घरात कुठे ठेवलाय, हे विचारायलाच हवं.

आघाड्याचं मूळ कमरेला किंवा केसांत बांधतात, आणि बाळ बाहेर येताच सोडतात. बांधलेलं मूळ कुणाचं नुकसान करत नाही. तेच मूळ आत सरकवलं तर जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव. कुठे बांधलं होतं, हा प्रश्न म्हणून फाजील ठरत नाही.

एरंडेल मधल्या पायरीवर. त्यातलं रिसिनोलेइक आम्ल आतड्यावरच्या आणि गर्भाशयावरच्या ईपी-३ या ग्राहींना जागं करतं, हे २०१२मध्ये जर्मन संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. म्हणजे आजीचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. पण उंदीर वेगळा, बाई वेगळी. थायलंड-ब्रह्मदेश सीमेवरच्या निर्वासित छावण्यांतल्या ४० आठवडे उलटलेल्या ६१२ बायकांच्या नोंदी २००९मध्ये प्रसिद्ध झाल्या. एरंडेल घेतलेल्यांना बाळंतपण लवकर आलं नाही, मोठा अपायही दिसला नाही. २०१३च्या कॉक्रेन आढाव्यात जेमतेम तीन चाचण्या आणि २३३ बायका. त्यातही ठाम सांगता आलं ते एवढंच, की एरंडेल घेतलेल्या प्रत्येकीला मळमळलं. जुलाबाने सुकलेली बाई लेबर रूममध्ये आली की कळांआधी सलाइन लावावं लागतं. आधीचं सिझर असेल तर प्रश्नच मिटला. एरंडेलानंतर जुन्या टाक्यावर गर्भाशय फाटल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे.

खजुराचं बरं आहे. जॉर्डनमध्ये शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या ६९ आणि न खाणाऱ्या ४५ बायकांची तुलना २०११मध्ये प्रसिद्ध झाली. कळा आपोआप आल्या त्या पहिल्या गटात ९६ टक्के, दुसऱ्यात ७९ टक्के. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे फार उड्या मारायला नकोत. खजूर-तूप नवव्या महिन्यात आपल्याकडे चालतंच, चालू द्या. साखर असलेलीला मात्र मोजून. पपईचं उलट आहे: जी कळांसाठी मागवतात ती पिकलेली, आणि तिच्यात तो गुण नाही. उंदरांच्या गर्भाशयावर परिणाम दिसला तो कच्च्या पपईच्या चिकाचा, २००२च्या अभ्यासात. नवराबायकोच्या संबंधांनी कळा लवकर येतात का, हे मलेशियात २००७मध्ये तपासलं गेलं. सल्ला दिलेल्या आणि न दिलेल्या जोडप्यांत फरक पडला नाही. पाणी गेलेलं नसेल, वार खाली नसेल, रक्त जात नसेल, तर मनाईचंही कारण नाही. हे वाक्य बाईला आपण सांगितलं नाही तर तिला कुणीच सांगत नाही.

स्तनाग्रं चोळण्याच्या उपायाकडे आपण उगाच लाजून दुर्लक्ष करतो. २००५च्या कॉक्रेन आढाव्यात सहा चाचण्या, ७१९ बायका. ७२ तासांनंतरही कळा सुरू न झालेल्या उपाय करणाऱ्यांत ६३ टक्क्यांच्या आसपास, न करणाऱ्यांत ९४ टक्क्यांच्या आसपास. फायदा दिसला तो पिशवीचं तोंड आधीच मऊ झालेल्यांत. जोखमीच्या गर्भारपणात या उपायाची सुरक्षितता सिद्ध झालेली नाही. तिथे तो घरी करायला सांगू नये.

हे सगळं झालं बायकांच्या बाजूचं. आता आपल्या बाजूचं.

पहिली गोष्ट तारखेची. सासूबाईंचा हिशोब नऊ महिने नऊ दिवसांचा, आपल्या पुस्तकातल्या नेगेलेचा नऊ महिने सात दिवसांचा. भांडण दोनच दिवसांचं आहे. खरा घोळ पहिल्या सोनोग्राफीचा. लातूर-बीडहून, बिहारहून, ओडिशाहून खोली बदलत आलेली बाई सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा आपल्यासमोर येते. पाळीची तारीख आठवत नाही, आणि आपण त्या उशिराच्या सोनोग्राफीवरून तारीख ठोकून देतो. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीची चूक आठवड्याच्या आत असते, शेवटच्या तिमाहीत ती तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. "दिवस उलटले" म्हणून जिने एरंडेल घेतलं, तिचे कदाचित ३८ आठवडेच झालेले असतात. उलटलेली तारीख आपण दिलेली होती.

दुसरी गोष्ट स्वीपिंगची. औषधाविना कळा जवळ आणण्याचा आपल्या हातातला सगळ्यांत चांगला पुरावा असलेला उपाय हाच. २०२०च्या कॉक्रेन आढाव्यात ४४ चाचण्या आणि ६,९४० बायका आहेत. औषध देऊन कळा आणायची वेळ कमी यावी म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही तो सुचवते. पण आपल्यातले किती जण तो विचारून करतात? "आतून तपासते" म्हणायचं आणि स्वीपिंग उरकायचं. रात्री घरी तिला रक्ताचा डाग दिसतो, पोट दुखतं, आणि नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा घेऊन सगळं घर धावत येतं. तिला दोन वाक्यांत आधी सांगितलं असतं, थोडं रक्त, थोड्या कळा, ताजं लाल रक्त वाहायला लागलं तर ये, तर ती निवांत झोपली असती. विचारून केलं तर उपचार. न विचारता केलं तर सुईणीच्या चोळण्यापेक्षा ते कितीसं वेगळं?

तिसरी गोष्ट "कळांच्या इंजेक्शन"ची. प्रसूतीपूर्वी स्नायूत ऑक्सिटोसिन टोचणं आणि केमिस्टकडून आणवलेली मिसोप्रोस्टॉलची गोळी अंदाजाने ठेवणं, हे अजून कुठे कुठे चालतं, आपल्याच वर्तुळात. याला झाडपाला म्हणता येत नाही आणि वैद्यकशास्त्रही म्हणता येत नाही. मराठीत कळलाव्या कुणाला म्हणतात, ते सांगायला नको.

आणि चौथी, जरा टोचणारी. पेशंटचा गुरुवार आपल्याला हास्यास्पद वाटतो. आपण स्वतः शनिवारच्या आत डिलिव्हरी उरकावी म्हणून शुक्रवारी ड्रिप लावली नाही, असं छातीवर हात ठेवून किती जण म्हणतील?

त्यांचा गुरुवार तर पोटाचा आहे. खासगी कारखान्यातल्या बापाला पितृत्व रजेचा कायदा नाही. स्वतः कामावर असलेल्या बाईला २०१७च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे मिळतात, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी घेता येतात. कंत्राटातल्या कित्येकींपर्यंत ते कागद पोहोचत नाहीत. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत इथे उलटी झाली आहे: लेक माहेरी जात नाही, आई गावाहून इथे येते, पंधरा दिवसांसाठी. तिकडे सोयाबीन काढणीला आलेलं असतं. दहा बाय दहाच्या खोलीत रोज सकाळी एकच प्रश्न, "काही वाटतंय का?" वर सिझरची धास्ती. या सगळ्यातून सुटायला ती एरंडेलाची बाटली उघडते. तिला घाई आहे, कारण सगळ्यांना घाई आहे.

म्हणून आमची सूचना छोटी आहे. ३६व्या आठवड्याच्या तपासणीला प्रत्येक केसपेपरवर एक ओळ वाढवा: "घरी काय घेतलं, काय लावलं, काय बांधलं?" नर्सने, आशाताईने किंवा डॉक्टरने विचारावं. आवाज रक्तदाब विचारतानाच्या पट्टीत ठेवावा. उत्तर जसंच्या तसं लिहावं. लेबर रूममध्ये कळा अचानक जोरात आल्या, पाणी हिरवं निघालं, तर ती ओळ कामाला येईल. बीएएमएस सहकाऱ्यांनीही नवव्या महिन्यातले पिचू आणि बस्ती याच ओळीत नोंदवावेत. पाणी गेल्यावर पिचू ठेवायचा नाही, हेही त्यांनीच घरच्यांना बजावावं. महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ९४.७ टक्के होती. बाई आपल्याकडे येते आहे. तिच्यासोबत घरातलं काय येतं, तेवढं विचारायचं राहिलंय.

त्याच बैठकीत तिच्या हातात एक आखणी द्या. बाळाची हालचाल कमी झाली, पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर दिवस-रात्र न पाहता यायचं, १०८ला फोन करायचा. आधीचं सिझर, जुळं, आडवं किंवा पायाळू बाळ, खाली वार असेल तर घरी कसलाही उपाय नाही. बाकीच्यांना ३९ आठवड्यांनंतर स्वीपिंग हवं का, ते विचारायचं. आणि ४१ आठवडे नक्की भरले की दाखल व्हायचं, त्या दिवसाची तारीख आजच लिहून द्यायची. सोबत हेही सांगायचं, की कळा आणणं म्हणजे सिझर नव्हे.

त्या मंगळवारी तो रिपोर्ट घेऊन परत आला तेव्हा तिला ओआरएस पाजून झालं होतं, एनएसटी चांगली आली होती, आणि एरंडेलाची ओळ केसपेपरवर लिहिलेली होती. पहिल्या तिमाहीची सोनोग्राफी तिच्या फाइलमध्ये होती, त्यामुळे बोटांवर मोजता आलं. परवा गुरुवारी ४० भरणार होते, त्यापुढच्या गुरुवारी ४१.

"या गुरुवारचं नाही सांगता येत," मी म्हटलं. "कळा मधे कधीही येतील. नाही आल्या तर पुढच्या गुरुवारी सकाळी आठला फाइल घेऊन या, दाखल करू. शुक्रवारची रजा मात्र आजच टाकून ठेवा."

त्याने खिशातून पेन काढलं आणि ओळखपत्राच्या मागच्या कागदावर तारीख लिहून घेतली.