दिव्यातील तेल

शुभवर्तमानातील दहा कुमारींचा दृष्टांत वाचकांस ठाऊक आहेच. वरास विलंब झाला, तेव्हा ज्यांनी जादा तेल बरोबर घेतले होते त्यांचेच दिवे तेवत राहिले. राष्ट्रांचेही तसेच आहे. १९७३ च्या युद्धप्रसंगी अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि काही महिन्यांतच त्याचे भाव चौपट झाले. त्या धड्यानंतर अनेक देश ९० दिवसांच्या आयातीइतका साठा बाळगू लागले. आपल्या देशानेही विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे खडकाच्या पोटात सुमारे ५३ लाख टन कच्च्या तेलाची कोठारे कोरली आहेत. परंतु संकटाची चाहूल लागताच जो तो घरात इंधन दडवू लागला, तर कोणतेही कोठार अपुरेच पडेल. दूरदृष्टी निराळी, साठेबाजी निराळी. म्हणून आम्ही विनवितो: गरजेपुरतेच घ्यावे, जपून जाळावे आणि शेजारच्या विधवेची चूल विझू देऊ नये.