पंचावन्नची अट

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अल्झायमरच्या निदानाला हातभार लावणारी पहिली रक्तचाचणी मंजूर केली. पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड बीटा या प्रथिनांचं गुणोत्तर ती पाहते. अट अशी, की लक्षणं दिसत असावीत आणि वय किमान ५५ असावं. डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं घोडं इथेच अडतं. बार्सिलोना आणि केंब्रिजमधल्या ३८८ जणांच्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या निदानाचं मध्यक वय ५३.७ निघालं होतं!

याचं मूळ एकविसाव्या गुणसूत्रात. या लोकांकडे त्याच्या दोनाऐवजी तीन प्रती असतात आणि अमायलॉइड ज्यातून सुटतं त्या प्रथिनाचं जनुक नेमकं त्यावरच आहे. चाळिशीपर्यंत जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत अमायलॉइडचे थर साचतात. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या एका ७८ वर्षांच्या बाईंची नोंद प्रसिद्ध झाली. डाऊन होता, पण त्यांच्याकडचा गुणसूत्राचा जादा तुकडा अपुरा होता. ते जनुक त्यात नव्हतं. अल्झायमर त्यांच्याकडे फिरकलाच नाही.

रक्तचाचणीची निकडही डाऊन असलेल्यांनाच जास्त. शंभरातून सात-सात वजा करायला सांगणारी परीक्षा, ज्याला हिशेब कधी जमलाच नाही, त्याच्या काय कामाची? हल्ली हा शर्टाची बटणं चुकवतो, असं आई सांगते. डाऊनमध्ये असं चालायचंच, असं उत्तर मिळतं. थायरॉइड, मोतीबिंदू, झोपेत अडकणारा श्वास यांनीही असंच होतं, आणि त्यांवर इलाज आहे. निदानासाठी पाठीतून पाणी काढण्यापेक्षा दंडातून रक्त देणं केव्हाही सुसह्य. त्या ३८८ जणांच्याच अभ्यासात मज्जातंतूंची झीज दाखवणारं एनएफएल हे प्रथिन रक्तात तिशीच्या सुमारासच बदललेलं दिसलं.

उपचारांचंही तसंच. नवी अमायलॉइडविरोधी औषधं मेंदूत रक्तस्राव घडवू शकतात आणि यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड बरंच असतं, तेव्हा डॉक्टरांची धास्ती खरी आहे. पण त्यांपैकी लेकॅनेमॅब या औषधाच्या मोठ्या चाचणीतून यांना वगळलं गेलं, हे पटत नाही. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी डाऊन असलेल्यांच्या मेंदूत अल्झायमरचंच अमायलॉइड ओळखलं, तेव्हा हेच मेंदू कामी आले होते.

चाळिशीपासून दरवर्षी तपासावं, असं डाऊन असलेल्या प्रौढांसाठीची २०२० ची वैद्यकीय मार्गदर्शिका सांगते. पण ताडून पाहणार कशाशी? पस्तिशीत तो चहा करतो का, एकटा दुकानात जातो का, कुणाकुणाची नावं घेतो, हे घरातल्या कुणीतरी वहीत उतरवलेलं असेल, तरच. पन्नाशीच्या मुलाची आई तोवर बहुधा ऐंशीच्या घरात असते.