शाळेचा फळा कंपनीच्या हाती नको

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि महाराष्ट्रातील शाळांना कुलपे लागली. शिक्षण विभागाने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा देऊन मोबाइलवरून अभ्यास पाठविण्यास आरंभ केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने व्हॉट्सॲपवर ‘स्वाध्याय’ नावाची साप्ताहिक प्रश्नमालिका सुरू केली. संकटकाळी जे साधन हाताशी होते ते शिक्षकांनी वापरले, यात गैर काही नव्हते. परंतु संकट ओसरले, शाळा उघडल्या, आणि ही तात्पुरती सोय मात्र कायमची होऊन बसली. आज गृहपाठ, परीक्षेची सूचना, शिष्यवृत्तीची मुदत या साऱ्या गोष्टी अनेक शाळांत वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावरच कळविल्या जातात. समाजमाध्यमाचा वर्गातील हा प्रवेश कोणाच्या हिताचा, याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी केलाच पाहिजे.

पहिला प्रश्न समतेचा आहे. कष्टकऱ्याच्या घरी फोन असला तरी तो बहुधा एकच असतो आणि सकाळी बापाबरोबर कामावर जातो. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीनुसार स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींच्या बाबतीत हे प्रमाण २७ टक्केच होते. म्हणजे जी सूचना केवळ गटावर येते, ती मुलीपर्यंत भावाच्या किंवा वडिलांच्या मर्जीने पोचते. त्याच पाहणीत आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के आढळले. अभ्यासाच्या निमित्ताने हाती आलेला फोन कोठे घेऊन जातो, हे यावरून दिसते.

दुसरा प्रश्न मालकीचा आहे. १९१७ साली शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा शिक्षण ही सार्वजनिक जबाबदारी आहे हे तत्त्व त्यांनी कृतीत आणले. आज सार्वजनिक शाळेचा व्यवहार एका परदेशी कंपनीच्या अंगणात चालतो. फेसबुकने २०१४ साली व्हॉट्सॲप विकत घेतले. वापरणाऱ्यांची माहिती इतर कंपन्यांना देण्याबाबत केलेल्या सक्तीबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या कंपनीला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. जिचा नफा माणसांचे लक्ष गुंतवून ठेवण्यावर अवलंबून आहे, तिच्या दारात सरकारी शाळेनेच मुलांना नेऊन उभे करावे काय? शिक्षकांचीही यातून सुटका नाही. रात्री दहाला परिपत्रक येते आणि सकाळी छायाचित्रासह अहवाल मागितला जातो. कामाच्या तासांची मर्यादा हा कामगार चळवळीने झगडून मिळविलेला हक्क येथे बिनबोभाट बुडतो.

मग बंदी हाच उपाय आहे काय? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. त्या प्रयोगाकडे लक्ष ठेवावे. पण बंदीने मूल शहाणे होत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्या माणसांना ठेचून मारले. ती अफवा व्हॉट्सॲपवरून पसरत होती. अशा संदेशाला प्रश्न विचारण्याची सवय शाळेने नाही लावायची तर कोणी?

म्हणून समाजमाध्यम वर्गात यावे ते अभ्यासाचा विषय म्हणून. शिक्षण मिळण्याची अट म्हणून नव्हे. गावात फिरणारा एखादा संदेश शिक्षकाने फळ्यावर लिहावा आणि मुलांना विचारावे : हा कोणी लिहिला? छायाचित्र कोठले व केव्हाचे? यात कोणाविषयी द्वेष पेरला आहे? तो पसरल्याने लाभ कोणाचा? सहावीपासून दहावीपर्यंत मराठीच्या, इतिहासाच्या, नागरिकशास्त्राच्या तासाला हे करता येईल. त्यासाठी एकाही मुलाच्या हाती फोन असण्याची गरज नाही.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. तेथे कार्यकर्त्यांनी जावे आणि तीन मागण्या मांडाव्यात. प्रत्येक सूचना शाळेच्या फलकावर व मुलांच्या वहीत दिली जावी. गटावर नसल्यामुळे एकाही विद्यार्थ्याचे नुकसान होऊ नये. शाळेच्या वेळेनंतर आलेल्या संदेशास उत्तर देण्याचे बंधन शिक्षकांवर नसावे. आणि संदेशांची चिकित्सा हा अध्यापनाचा नियमित भाग व्हावा. या मागण्यांसाठी मोठा निधी लागत नाही. पालक आणि शिक्षक एकत्र आले, तर येत्या शैक्षणिक वर्षातच त्या पदरात पाडून घेता येतील.