कैद्याचे मौन आणि वाहिन्यांची वाचाळता

डोळ्यांवरची पट्टी काढली गेली होती, चेहरा सुजलेला होता, हातात शत्रूने दिलेला चहाचा पेला होता आणि समोर प्रश्न विचारणारा पाकिस्तानी मेजर. भारतात कुठले? 'दक्षिणेकडचा', एवढेच उत्तर विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांनी दिले. विमान कोणते? ते सांगता येणार नाही, अवशेष तुम्हांला मिळालेच असतील! कामगिरी कोणती? तेही सांगता येणार नाही. 27 फेब्रुवारी 2019 रोजी मिग-21 बायसनमधून पाकव्याप्त काश्मिरात उतरलेल्या, जमावाचा मार खाल्लेल्या, एकट्या पडलेल्या अधिकाऱ्याचे हे मौन होते.

त्याच वेळी भारतातील वृत्तवाहिन्या काय करीत होत्या? जी उत्तरे शत्रूला कैद्याकडून मिळत नव्हती, ती स्टुडिओत बसून विनामूल्य पुरवीत होत्या. गाव कोणते, घर कुठे, वडिलांचा हवाई दलातील हुद्दा काय, कुटुंबात कोण काय करते, सारे काही पडद्यावर! 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातील 17 व्या कलमान्वये युद्धकैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवाक्रमांक यांपलीकडे काहीही सांगणे बंधनकारक नाही. अभिनंदन यांना हे पाठ होते. वार्ताहरांना मात्र ते ठाऊक नव्हते, की ठाऊक असूनही प्रेक्षकसंख्येपुढे त्याची मातब्बरी वाटली नाही? या बाबतीत राष्ट्रभक्तीची आरोळी ठोकणाऱ्या वाहिन्या आणि मानवतावादाचे उमाळे येणाऱ्या वाहिन्या यांच्यात फरक करावा, अशी स्थिती नव्हती.

जखमी सैनिकाचे असे ओंगळ प्रदर्शन मांडल्याबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी पाकिस्तानचा निषेध केला. लोकांच्या कुतूहलापासून कैद्याचे रक्षण करावे, असे करारातील 13 वे कलम स्पष्ट सांगते. यूट्यूबवरील 11 चित्रफिती काढून टाकण्यास सरकारला सांगावे लागले. पाकिस्तानी सेनेने मांडलेला तो बाजार येथील घराघरांत कोणी पोहोचविला, हा प्रश्न मात्र कोणत्याही चर्चासत्रात विचारला गेला नाही.

28 फेब्रुवारीला इम्रान खान यांनी आपल्या संसदेत सुटकेची घोषणा केली आणि तिला 'शांतीचा संकेत' असे नाव दिले. परदेशी वृत्तसंस्थांनी ते नाव जसेच्या तसे उचलले, येथील बोलघेवड्या विचारवंतांनी तर ते मस्तकी धारण केले. सैन्याच्या पत्रकार परिषदेत एअर व्हाइस मार्शल आर. जी. के. कपूर यांनी ही सुटका जिनिव्हा कराराला अनुसरूनच असल्याचे सांगितले होते. शत्रुत्व थांबताच कैदी परत करावा, हे 118 वे कलम. कर्तव्य पार पाडणाऱ्याला औदार्याची पदवी! पुढे इम्रान यांना शांततेचे नोबेल मिळावे, असा ठराव पाकिस्तानी राष्ट्रीय सभेत दाखल झाला. 1971 नंतर भारताने सुमारे 93 हजार कैदी परत पाठविले, तेव्हा नोबेलची आठवण कोणाला झाली होती? आणि 1999 च्या जून महिन्यात कॅप्टन सौरभ कालिया व त्यांच्या पाच सहकाऱ्यांचे छिन्नविच्छिन्न देह याच पाकिस्तानने परत केले, तो कशाचा संकेत होता?

त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग संपादकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. मिग-27 चे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता कारगिलच्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडले होते. त्यांना सोपविण्यासाठी भारतीय उच्चायुक्त जी. पार्थसारथी यांना इस्लामाबादेतील परराष्ट्र खात्याच्या जिना सभागृहात बोलावण्यात आले. तेथे कोण असेल, अशी त्यांनी पृच्छा केली. पत्रकार आणि कॅमेरे असतील, हे कळताच त्यांनी जाण्यास साफ नकार दिला. भारतीय अधिकाऱ्याचा तमाशा होऊ द्यायचा नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. अखेर रेडक्रॉसच्या मार्गाने नचिकेता भारतीयांच्या हाती आले. वीस वर्षांनी मात्र कॅमेरे आपल्याच बाजूने अटारीला दिवसभर ताटकळत उभे होते.

1 मार्चच्या त्या सायंकाळी सीमा सुरक्षा दलाने ध्वज उतरविण्याचा नित्याचा सोहळा रद्द केला. तिकडे, हस्तांतरण होण्यापूर्वीच, पाकिस्तानी सेनेचे गुणगान करणारी, जागोजाग कापून जोडलेली आणखी एक चित्रफीत प्रसृत झाली. रात्री सव्वानऊच्या सुमारास अभिनंदन सीमा ओलांडून आले. ताब्यातील माणसाच्या तोंडून वदवून घेतलेल्या शब्दांना कितपत किंमत द्यायची, हे एखाद्या शाळकरी मुलालाही कळते.

शांतीच्या त्या संकेतामागे काय होते, याची वाच्यता पाकिस्तानातच झाली. राष्ट्रीय सभेचे माजी सभापती अयाझ सादिक यांनी ऑक्टोबर 2020 मध्ये भर सभेत सांगितले की, त्या बैठकीत पाय लटपटत होते आणि रात्री नऊला भारत हल्ला करील, या धास्तीने सुटकेची गळ घातली गेली. पुढे विधानाचा विपर्यास झाल्याचे सांगून त्यांनी सारवासारव केली, हा भाग वेगळा. 'शांतिदूता'च्या नावाने अग्रलेख लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ते अग्रलेख पुन्हा उघडून पाहिले?

2 सप्टेंबर 2019 रोजी पठाणकोटला अभिनंदन पुन्हा मिग-21 मध्ये बसले. सोबत साक्षात हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ होते. 1988 मध्ये त्यांनाही विमानातून उडी घ्यावी लागली होती, असे धनोआ यांनीच त्या दिवशी सांगितले. पाकिस्तानी कैदेतून परतलेला वैमानिक सहा महिन्यांत पुन्हा लढाऊ विमान उडवितो, यापरती बातमी ती कोणती! बहुतेक वाहिन्यांवर त्या दिवशी चर्चा रंगली ती त्यांनी मिशा कापल्याची.