सोमवारचा पहिला तास

शुक्रवारी इशानंतर भाचीचा फोन आला. "खाला, सोमवारपासून शाळेवर जायचंय. कॉलेजात सांगून उर्दू शाळा बदलून मिळेल का?"

बी.एड.चं दुसरं वर्ष आहे तिचं. आंतरवासितेसाठी मराठी माध्यमाची शाळा मिळालीय, वर्ग आठवीचा. पोरगी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलेली. मराठी लिहिते सुरेख, पण बोलायला उभी राहिली की 'शाळा'ची 'शाला' होते. "पोरं हसतील," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

हसतील, हे खरंच आहे. आम्ही तिला खोटा दिलासा दिला नाही.

आमच्या वेळी बी.एड. एका वर्षाचं होतं. टाचणावर मार्गदर्शकांची सही घ्यायची आणि सराव पाठाला उभं राहायचं. आमचा पहिला पाठ सातवीवर, मराठीचाच. टाचण 35 मिनिटांचं. आमच्याकडचं सगळं 18 मिनिटांत संपलं! मागच्या बाकावर मार्गदर्शक वही उघडून बसलेले. घशाला कोरड. त्यात आम्ही म्हणालो, "सगळ्यांनी फल्याकडे बघा."

पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, फळ्याकडे." सगळा वर्ग खो खो हसला.

काय सुचलं कोण जाणे, आम्ही तिला म्हटलं, "बरोबर. पुन्हा म्हण." तिने म्हटलं, मग आम्ही म्हटलं. माझ्या घरच्या बोलीत 'ळ' नाही, उर्दू लिपीत त्याला अक्षरही नाही, असं सांगितल्यावर पोरांना गंमत वाटली. एकाने विचारलं, "मग केळं कसं लिहिता?" आमच्याकडे त्याला 'केला' म्हणतात! उरलेला तास त्यातच गेला. टाचण सोडून भरकटल्याचा शेरा मिळाला. शेरा रास्तच होता. पण दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तीच मुलगी विचारत होती, "बाई, आज आमच्यावर तास आहे ना?"

आता अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि त्यात एकूण 20 आठवडे शाळेत काढायचे असतात. पहिला तास बिघडला तर सावरायला भरपूर वाव आहे. भाचीला सांगितलं, उद्याच शाळेत जा, वर्गशिक्षकांची परवानगी घेऊन त्यांच्या तासाला मागे बस, पाच-सहा मुलांची नावं लिहून आण. पहिली दोन वाक्यं पाठ कर, त्याहून जास्त नको. पाठ केलेलं मध्येच विसरलं की पुढचंही जातं. शेवटच्या दहा मिनिटांसाठी एखादा खेळ किंवा प्रश्न हाताशी ठेव, कारण पाठ लवकर संपतोच. बाकी, हजरत मूसांनी जिभेची गाठ सुटण्यासाठी मागितलेली दुआ अम्मीने तिला केव्हाच शिकवली आहे.

शाळा बदलून घे, असं मात्र आम्ही म्हटलं नाही. नोकरी उद्या कुठे मिळेल कुणाला ठाऊक? आणि मराठी शाळेतल्या पोरांना उर्दूतून आलेली बाई भेटायलाच हवी, असं आमचं मत आहे.

सोमवारी संध्याकाळी फोन आला. "खाला, 24 मिनिटांत संपला."

"हसली का पोरं?"

"दोनदा. एकदा मला, आणि एकदा 'पानी' म्हणणाऱ्या एका पोराला. त्याच्याही घरी पानीच म्हणतात, खाला, आणि ते मराठीच बोलतात! बरं ठेवते, उद्याचं टाचण काढायचंय."